क्लब मरतो म्हणजे नेमकं काय होतं?

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर सामना असला की वाटेत भेटणारा हमखास विचारतो, "आज कुणाची मॅच?" उत्तर येतं, "पाटाकडील आणि दिलबहार." ही नावं तालमींची. ज्या तालमीच्या लाल मातीत आजोबांनी जोर-बैठका मारल्या, तिचंच नाव छातीवर घेऊन नातू फुटबॉल खेळतो. मधल्या काळात संघातला प्रत्येक खेळाडू बदललेला असतो, पदाधिकारी बदललेले असतात, कधी इमारतही नवी झालेली असते. तरी तालीम तीच, याबद्दल पेठेत कुणाला शंका नसते.

मग तालीम म्हणजे नेमकं काय? खेळाडू नव्हेत, इमारत नव्हे, मैदानही नव्हे. आणि हे सगळं बदलूनही ती टिकत असेल, तर ती संपते तरी कशानं?

जर्मनीच्या राष्ट्रीय फुटबॉल विजेत्यांची यादी उघडली की हाच प्रश्न पहिल्याच ओळीत समोर उभा राहतो. साल १९०३. विजेता व्हीएफबी लाइपझिग, उपविजेता डीएफसी प्राग, गोल ७-२. आपल्याकडच्या फुटबॉलवेड्यांना तोंडपाठ असलेलं बायर्न म्युनिकचं नाव त्या यादीत विजेता म्हणून यायला १९३२ उजाडलं. पहिल्या ओळीतली दोन्ही नावं मात्र आज कुठल्याही मोठ्या लीगमध्ये सापडत नाहीत. त्यातही उपविजेत्याचं कोडं जास्त अवघड आहे. प्राग तेव्हा जर्मनीत नव्हतं आणि आजही नाही. मग तिथला क्लब जर्मनीच्या पहिल्यावहिल्या अंतिम सामन्यात पोहोचला कसा? तोही वाटेत एकही सामना न खेळता?

या हौशी क्लबची गोष्ट नीट उलगडली, तर क्लब जगतो कशावर आणि मरतो कशानं, हे फार स्वच्छ दिसतं.

देशाबाहेरचे जर्मन

डीएफसी प्राग म्हणजे 'डॉइचर फुसबॉल-क्लब प्राग', प्रागचा जर्मन फुटबॉल क्लब. स्थापना १८९६ ची. तेव्हा प्राग हे ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातलं, बोहेमिया प्रांताचं मुख्य शहर होतं. शहरातली बहुसंख्य माणसं चेक बोलत. जर्मन बोलणारे शंभरात दहासुद्धा नव्हते, पण त्यांची स्वतःची नाटकघरं होती, वर्तमानपत्रं होती, शाळा होत्या. १८८२ मध्ये तर जुन्या विद्यापीठाचेच दोन भाग झाले, एक चेक आणि एक जर्मन. इंदूर-बडोद्यातली जुनी मराठी वस्ती डोळ्यांसमोर आणा. आजूबाजूची भाषा वेगळी, पण आपलं वाचनालय, आपला गणेशोत्सव, आपली नाटकमंडळी जपणारी. प्रागमधल्या जर्मन भाषकांचं जगणं साधारण तसं होतं. लेखक फ्रान्झ काफ्का याच शहरात, याच भाषेत वाढला.

या जर्मन भाषकांत ज्यूंची संख्या मोठी होती. ते घरी-दारी जर्मन बोलत, जर्मन पुस्तकं वाचत आणि स्वतःला त्या संस्कृतीचे वारस मानत. पण ज्यांना ते आपले मानत, त्यांतल्या अनेकांनी त्यांना आपलं मानलं नव्हतं. त्या काळी जर्मन भाषकांचा मानाचा व्यायाम म्हणजे कसरत, आणि कसरतीच्या मंडळांचं जाळं गावोगाव पसरलेलं होतं. ऑस्ट्रियाच्या मुलखात १८८० च्या दशकापासून यांतल्या एकेका मंडळानं आपल्या नियमावलीत 'आर्यन कलम' घालायला सुरुवात केली. म्हणजे ज्यूंना सभासदत्व नाही.

फुटबॉल हा मात्र इंग्लंडहून आलेला नवा खेळ. त्याच्याभोवती जुन्या परंपरेचं कुंपण नव्हतं. उलट कसरतवाले त्याला नाकं मुरडत. १८९८ मध्ये कार्ल प्लांक नावाच्या श्टुटगार्टच्या व्यायामशिक्षकानं एक पुस्तिकाच लिहिली आणि तीत या खेळाला 'इंग्रजी रोग' ठरवलं. लाथ मारणं हे माणसाला शोभत नाही, असं त्याचं म्हणणं. ज्या खेळाला प्रतिष्ठितांनी दाराबाहेर ठेवलं, त्या खेळात दाराबाहेर ठेवलेल्या माणसांना जागा मिळाली. डीएफसी प्रागच्या संस्थापकांत आणि खेळाडूंत ज्यू तरुण मोठ्या संख्येनं होते, त्याचं कारण मला इथे दिसतं.

क्लबला एक वजनदार माणूसही लाभला. फर्डिनांड ह्यूपे हे प्रागच्या जर्मन विद्यापीठात आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक होते. क्षयाचे जंतू शोधणाऱ्या रॉबर्ट कोख यांचे ते शिष्य आणि दूध आंबवणाऱ्या जिवाणूंवर त्यांनी मोलाचं काम केलेलं. जिवाणूंचा अभ्यासक मैदानी खेळाकडे वळला यात नवल नव्हतं. मोकळी हवा आणि हालचाल यांनी शरीर रोगाला तोंड द्यायला तयार होतं, हे सांगणं त्यांच्या विषयातच बसत होतं. २८ जानेवारी १९०० रोजी लाइपझिगच्या 'मारियनगार्टन' या उपाहारगृहात ८६ क्लबांच्या वतीनं ३६ प्रतिनिधी जमले आणि जर्मन फुटबॉल संघटना, म्हणजे आजची डीएफबी, जन्माला आली. तिचे पहिले अध्यक्ष झाले प्रागचे ह्यूपे. 'इंग्रजी रोग' म्हणून हिणवल्या जाणाऱ्या खेळाला आरोग्याचा प्राध्यापकच अध्यक्ष मिळाला, याचं महत्त्व तेव्हाच्या लोकांना चांगलं कळत होतं.

देशाबाहेरचा क्लब देशाच्या संघटनेत कसा, याचं उत्तर इथेच आहे. त्या खोलीत जमलेल्यांसाठी 'जर्मन' हा शब्द भाषेचा होता. सरहद्दीचा अर्थ त्याला पुढे चिकटला.

सात माणसं आणि एक वही

आता जरा क्लबच्या पोटात डोकावू. जर्मन भाषेत अशा संस्थेला 'फेराइन' म्हणतात. आपल्याकडचं नोंदणीकृत मंडळ म्हणजे फेराइन, असं धरलं तर फारसं चुकणार नाही.

मुंबई इंडियन्स हा क्रिकेटचा संघ आहे आणि त्याला मालक आहे. मालकानं संघ विकला, तर प्रेक्षक काही करू शकत नाहीत. फेराइनला मालक नसतो. असतात ते सभासद. ते वर्गणी भरतात, वर्षातून एकदा सभा घेतात, कार्यकारिणी निवडतात, हिशेब मंजूर करतात. मैदान, चेंडू, गोलाच्या चौकटी, कपाटातले चषक, सगळं सभासदांचं मिळून असतं, एकट्यादुकट्याचं काहीच नसतं. फुटबॉलचा संघ हे त्या मंडळाचं फक्त एक काम. आपल्या गणेश मंडळाची आरास दर वर्षी बदलते म्हणून मंडळ बदलत नाही, तसंच हे.

जर्मनीचा नागरी कायदा १ जानेवारी १९०० रोजी अमलात आला, म्हणजे डीएफबीच्या जन्माच्या चारच आठवडे आधी. त्यात फेराइनचे नियम आहेत. नोंदणीसाठी निदान सात सभासद हवेत. आपल्याकडच्या १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यातही आकडा सातच आहे, हा योगायोग मला फार आवडला. नोंदणी न्यायालयातल्या वहीत होते आणि त्या क्षणापासून फेराइन ही कायद्याच्या दृष्टीनं एक व्यक्ती होते. ती जमीन घेऊ शकते, करार करू शकते, तिच्यावर खटला भरता येतो. प्रागमध्ये ऑस्ट्रियाचा १८६७ चा संस्थाविषयक कायदा चाले, पण मूळ कल्पना हीच.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर हाती लागलं. क्लब म्हणजे सभासदांची वही. त्या वहीत नवी नावं चढत राहिली, तोवर जुनी गळाली तरी चालतं.

या वहीतली माणसं खेळातून पोट भरत नव्हती, हेही लक्षात ठेवायला हवं. विद्यार्थी, कारकून, व्यापाऱ्यांची मुलं, होऊ घातलेले डॉक्टर आणि वकील रविवारी खेळत आणि त्यासाठी उलट वर्गणी भरत. जर्मन फुटबॉलनं हौशीपणाचा हा नियम फार काळ कडकपणे पाळला. १९३० मध्ये शाल्के या प्रसिद्ध क्लबचे खेळाडू ठरलेल्या भत्त्यापेक्षा जास्त पैसे घेतात म्हणून निलंबित झाले होते. खेळाडूंना करारानं पैसे द्यायला जर्मनीच्या पश्चिम भागात १९४८ मध्ये मुभा मिळाली आणि बुंडेसलीगा तर १९६३ ची.

*चौकट : फेराइन कसा संपतो?*
*जर्मन कायद्यात याच्या मोजक्या वाटा आहेत. सभासदांनी स्वतःच सभेत ठराव करून मंडळ बंद केलं तर. सभासद तिघांपेक्षा कमी उरले, तर न्यायालय त्याची कायदेशीर ओळख काढून घेतं. दिवाळं निघून तशी कार्यवाही सुरू झाली, तर मंडळ विसर्जित होतं. आणि सत्तेनं हुकूम काढून बंद पाडलं तर. खेळात हरणं किंवा तळाच्या वर्गात घसरणं या यादीत कुठेच नाही.*

एक तार, एक चेंडू

१९०३ च्या वसंतात डीएफबीनं पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरवली. संघ अवघे सहा: लाइपझिग, आल्टोना, बर्लिनचा ब्रिटानिया, माग्देबुर्ग, कार्ल्सरूह आणि प्राग. पहिल्या फेरीत आल्टोनानं माग्देबुर्गला ८-१ नं धूळ चारली आणि लाइपझिगनं बर्लिनला ३-१ नं हरवलं. तिसरा सामना कार्ल्सरूह आणि प्राग यांचा. तो म्युनिकला व्हायचा होता, पण कुठे खेळायचं यावरून घोळ झाला आणि सामना झालाच नाही. संघटनेनं मग दोघांनाही उपांत्य फेरीत धरलं आणि १७ मे रोजी लाइपझिगमध्ये एकमेकांशी खेळायला सांगितलं.

कार्ल्सरूहचा संघ निघण्याच्या तयारीत असताना एक तार आली. सामना पुढे ढकलला आहे, खाली सही डीएफबीची. संघ घरीच थांबला. प्रागचा संघ लाइपझिगला हजर होता. पंचांनी वाट पाहिली आणि प्रागला पुढे चाल दिली. मग उघड झालं की डीएफबीनं अशी तार पाठवलेलीच नव्हती. कार्ल्सरूहनं तक्रार केली, ती फेटाळली गेली. तार पाठवणारा कधीच सापडला नाही.

त्या काळाची यंत्रणा किती कच्ची होती हे यातून दिसतं. दूरध्वनी फार थोड्यांकडे, संघटनेला पगारी नोकर नाहीत, सगळा कारभार टपालानं आणि तारेनं. तारेवर ना पाठवणाऱ्याचं अक्षर ओळखता येतं ना आवाज. पोस्टात जाऊन पैसे भरले की कुणाच्याही नावानं तार करता येई. हौशी माणसांची संघटना विश्वासावर चालत होती, आणि कुणीतरी नेमका त्याच विश्वासाला हात घातला.

अंतिम सामना ३१ मे १९०३ रोजी हाम्बुर्गशेजारच्या आल्टोनात ठरला. आल्टोना तेव्हा प्रशियातलं स्वतंत्र शहर होतं. खेळायची जागा म्हणजे सैनिकांच्या कवायतीचं माळरान. प्रेक्षक हजार-दोन हजार. पंच होते आल्टोनाचेच फ्रान्झ बेर. सगळे जमले आणि लक्षात आलं की धड चेंडूच नाही. दुसरा, बऱ्यापैकी चेंडू शोधून आणेपर्यंत अर्धा-एक तास गेला. देशाचा पहिला अंतिम सामना चेंडूवाचून खोळंबला होता! ज्यांनी गल्लीत क्रिकेट खेळलंय, त्यांना तो अर्धा तास वेगळा समजावून सांगायला नको.

पहिला गोल प्रागनं केला. मध्यंतराला १-१ अशी बरोबरी होती. उत्तरार्धात मात्र लाइपझिगनं गोलांचा पाऊस पाडला आणि सामना ७-२ वर संपला. लाइपझिगच्या पायांत त्या महिन्यात दोन कठीण सामन्यांचा सराव होता आणि प्राग स्पर्धेतला पहिलाच सामना खेळत होतं, हे निकाल वाचताना विसरू नये.

तारेचा घाव कार्ल्सरूहला विसरता आला नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी पुन्हा तक्रार केली, की सामने नियमाप्रमाणे तटस्थ मैदानांवर झालेले नाहीत. या वेळी ती इतकी बिनतोड होती की कासेलमध्ये अंतिम सामन्यासाठी संघ पोहोचल्यावर त्याच दिवशी सकाळी सामना रद्द झाला. म्हणून विजेत्यांच्या यादीत १९०४ ची जागा रिकामी आहे.

रेषा सरकते तेव्हा

१९०३ चं उपविजेतेपद हीच डीएफसी प्रागची जर्मन स्पर्धेतली पहिली आणि शेवटची मोठी कामगिरी. कारण मैदानात नव्हतं. २१ मे १९०४ रोजी पॅरिसमध्ये फिफाची स्थापना झाली. वेगवेगळ्या देशांचे संघ एकमेकांशी खेळायचे, तर कोणत्या क्लबनं कोणत्या देशाकडून खेळायचं हे आधी ठरायला हवं. एक देश, एक संघटना, असा नियम आला. त्याच वर्षी ऑस्ट्रियाची स्वतःची फुटबॉल संघटना उभी राहिली. प्राग ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात, म्हणून डीएफसीनं तिकडे जायचं.

लाइपझिगच्या उपाहारगृहात 'जर्मन' म्हणजे जर्मन बोलणारा, असं धरलं गेलं होतं. चार वर्षांत 'जर्मन' म्हणजे जर्मनीच्या हद्दीतला, असं ठरलं. ज्या क्लबनं संघटनेला पहिला अध्यक्ष दिला, तोच संघटनेबाहेर पडला. ह्यूपेही १९०४ मध्ये पायउतार झाले. त्यांच्या जागी आलेले फ्रीडरिश-विल्हेल्म नोहे हे तार मिळालेल्या त्याच कार्ल्सरूह क्लबचे.

पण क्लब मेला नाही. वही शाबूत होती. १९१८ मध्ये साम्राज्यच कोसळलं आणि प्राग नव्या चेकोस्लोव्हाकियाची राजधानी झालं, तेव्हाही क्लब टिकला. नव्या देशातल्या जर्मन भाषकांची वेगळी फुटबॉल संघटना होती, तिच्या स्पर्धांत डीएफसी हा अव्वल संघांपैकी एक होता. सभासद एका जागी बसून होते आणि त्यांच्या पायाखालून तीन राजवटी सरकत गेल्या. साम्राज्य, प्रजासत्ताक, आणि मग १९३९.

या मधल्या काळातला एक खेळाडू पुढे लागणार आहे, म्हणून त्याची ओळख आत्ताच करून देतो. पॉल माहरर, जन्म १९०० मध्ये बोहेमियातल्या टेप्लिट्झ गावी. ज्यू, मातृभाषा जर्मन, देश चेकोस्लोव्हाकिया. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तो चेकोस्लोव्हाकियाकडून खेळला. डीएफसी प्रागकडून खेळला, मग काही वर्षं अमेरिकेत खेळला आणि प्रागला परतला.

१९३९

१५ मार्च १९३९ रोजी जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरलं. त्या वर्षात डीएफसी प्राग संपला.

याची नीट फोड करायला हवी. क्लब जर्मन होता, आणि शहरावर आता जर्मनीचंच राज्य आलं होतं. वरवर पाहता त्याचे सोन्याचे दिवस यायला हवे होते. पण नव्या राज्यकर्त्यांचा 'जर्मन' हा शब्द आता भाषेचाही नव्हता आणि सरहद्दीचाही नव्हता, तो रक्ताचा झाला होता. त्या मोजणीत डीएफसीच्या वहीतली कितीतरी नावं जर्मन उरत नव्हती. आयुष्यभर जर्मन बोलणाऱ्या, नावातच 'जर्मन' मिरवणाऱ्या क्लबला जर्मनांनीच संपवलं.

हे प्रागपुरतं नव्हतं आणि अचानकही नव्हतं. खुद्द जर्मनीत सहा वर्षं आधी काय घडलं होतं, तेही सांगायला हवं. एप्रिल १९३३ मध्ये दक्षिण जर्मनीतल्या १४ क्लबांनी एकत्र जाहीर केलं की ज्यूंना खेळातून दूर करण्यासाठी आम्ही नव्या नाझी सरकारला साथ देऊ. त्यात कार्ल्सरूहचा तोच क्लब होता. त्या क्लबला १९१० मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणाऱ्यांत यूलियुस हिर्श हा ज्यू खेळाडू होता, जर्मनीच्या राष्ट्रीय संघातूनही खेळलेला. त्यानं ते निवेदन वर्तमानपत्रात वाचलं आणि १० एप्रिलला स्वतःच क्लबला राजीनामा लिहून पाठवला. क्लब जिवंत राहिला, वही शाबूत राहिली, फक्त त्यातलं एक नाव खोडलं गेलं. मार्च १९४३ मध्ये हिर्शला कार्ल्सरूहहून आउश्वित्झच्या मृत्युछावणीत पाठवलं. तो परतला नाही. ज्या मंडळांनी कुणाच्या बंदुकीच्या धाकावाचून, हुकूम येण्याआधीच आपल्या माणसांची नावं खोडली, त्यांना माफ करणं मला जमत नाही.

प्रागच्या ज्यूंना साठेक किलोमीटरवरच्या टेरेझिनला नेलं गेलं. हे जुनं लष्करी ठाणं नाझींनी ज्यूंचा कोंडवाडा बनवलं होतं. सुमारे १,४०,००० ज्यू तिथे आणले गेले. त्यातले साधारण ३३,००० तिथेच भुकेनं आणि रोगांनी मेले, जवळपास ९०,००० पुढे मृत्यूच्या छावण्यांकडे पाठवले गेले.

आणि त्या कोंडवाड्यात फुटबॉलची लीग चालत होती. 'ड्रेस्डेन बराकी'च्या आतल्या अंगणात, सात-सात जणांचे संघ, भोवतीच्या तिन्ही मजल्यांच्या कमानींमध्ये दाटीवाटीनं उभे प्रेक्षक. संघांची नावं कामावरून: स्वयंपाकी, कपडेकोठार, असे. १९४३ मध्ये तिथे आणला गेलेला माहरर चाळिशी ओलांडल्यावर या लीगमध्ये खेळला. खेळाडू मध्येच कमी होत, कारण पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीत त्यांचं नाव लागलेलं असे. उरलेले नवा माणूस घेऊन पुढचा सामना खेळत. सप्टेंबर १९४४ मध्ये नाझींनी जगाला दाखवायच्या खोट्या चित्रपटासाठी यातल्या एका सामन्याचं चित्रण केलं. ते आज उपलब्ध आहे. पाहताना अंगावर काटा येतो, कारण धावणारी माणसं खरीखुरी खेळताहेत, चेंडूवर डोळा ठेवून.

माहरर वाचला. युद्धानंतर तो अमेरिकेत गेला आणि १९८५ पर्यंत जगला.

पण डीएफसी प्रागला पुन्हा उभं करायला कुणी उरलं नव्हतं. ज्यू सभासद मारले गेले किंवा देशोधडीला लागले. युद्धानंतर चेकोस्लोव्हाकियानं सुमारे ३० लाख जर्मन भाषकांना देशाबाहेर काढलं, म्हणजे उरलेलेही गेले. ज्या वस्तीतून नवी नावं वहीत यायची, ती वस्तीच नाहीशी झाली.

लाइपझिगचं मरण वेगळं

आता १९०३ च्या विजेत्याकडे या. व्हीएफबी लाइपझिगनं पुढे १९०६ आणि १९१३ मध्येही विजेतेपद मिळवलं, १९३६ च्या जर्मन चषकात शाल्केला हरवलं. हा क्लब एकदा नव्हे, दोनदा मेला. तरी त्याची गोष्ट प्रागसारखी झाली नाही.

पहिलं मरण हुकुमानं आलं. १७ डिसेंबर १९४५ रोजी युद्ध जिंकलेल्या दोस्त राष्ट्रांच्या मंडळानं आदेश काढला, की जर्मनीतले सगळे जुने क्रीडाक्लब विसर्जित. नाझींनी क्रीडासंस्था आपल्या दावणीला बांधल्या होत्या, म्हणून पाटी कोरी करायची. पश्चिमेकडच्या भागात लवकरच जुन्या नावांना परवानगी मिळाली आणि बायर्न, शाल्के पुन्हा तेच होऊन उभे राहिले. लाइपझिग मात्र रशियाच्या ताब्यातल्या भागात होतं. तिथे जुनी मंडळं ही जुन्या समाजाची निशाणी मानली गेली. त्याऐवजी कारखान्यांना आणि खात्यांना जोडलेल्या क्रीडासंस्था आल्या. नावावरूनच खातं कळे. लोकोमोटिव्ह म्हणजे रेल्वे, डायनामो म्हणजे पोलीस, केमी म्हणजे रसायनं, ट्रॅक्टर म्हणजे शेती. छापखान्यांच्या संघाचं नाव 'रोटेशन', छपाईयंत्राच्या फिरत्या रुळांवरून. लाइपझिग हे पुस्तकांच्या छपाईचं शहर, त्यामुळे तिथे रोटेशन शोभूनही दिसत होतं. व्हीएफबीच्या प्रोब्स्टहायडा भागातल्या मैदानावर संघ खेळत राहिले, पाट्या बदलत राहिल्या: आइनहाइट, रोटेशन, एससी लाइपझिग आणि १९६६ पासून लोकोमोटिव्ह लाइपझिग. १९८७ मध्ये हा 'लोक', म्हणजे लोकोमोटिव्ह, अथेन्समध्ये युरोपातल्या चषकविजेत्यांच्या स्पर्धेचा अंतिम सामना खेळला आणि आयाक्सकडून एका गोलानं हरला.

जर्मनी पुन्हा एक झाल्यावर १९९१ मध्ये 'लोक'नं जुनं नाव घेतलं: व्हीएफबी लाइपझिग. १९९३-९४ मध्ये तो बुंडेसलीगात खेळला आणि तळाला राहून उतरला. मग दुसरं मरण आलं, कर्जानं. खेळ आता हौशी उरला नव्हता, खेळाडूंना पगार द्यायचे होते, वरच्या वर्गातून उतरल्यावर उत्पन्न आटलं, देणी तशीच राहिली. एकदा दिवाळखोरीतून सावरलेला क्लब २००४ मध्ये पुन्हा बुडाला.

पण इथे सभासद आणि चाहते शहरातच होते. त्यांनी डिसेंबर २००३ मध्येच 'लोकोमोटिव्ह लाइपझिग' नावानं नवा फेराइन नोंदवला होता. नव्या फेराइनला जुन्याची जागा मिळत नाही, जिन्याच्या पहिल्या पायरीवरून चढावं लागतं. ती पायरी होती जर्मन फुटबॉलचा ११ वा वर्ग, जिथे गावागावांतले दुय्यम संघ खेळतात. ऑक्टोबर २००४ मध्ये ग्रोसडॉयबेन या गावाच्या दुसऱ्या संघाशी त्यांचा सामना झाला. लाइपझिगच्या मोठ्या स्टेडियममध्ये तो पाहायला १२,४२१ माणसं तिकिटं काढून आली. १९०३ च्या राष्ट्रीय अंतिम सामन्याला आले होते, त्यांच्या कितीतरी पट.

हुकूम, सक्तीचं नामांतर, दिवाळखोरी, हे सगळं लाइपझिगच्या क्लबनं पचवलं, कारण वहीत नाव लिहायला माणसं रांगेत उभी होती. प्रागमध्ये हुकूम एकच आला, पण रांगेतली माणसंच उरली नाहीत. मी डीएफसी प्रागला मेलेला क्लब म्हणतो ते या अर्थानं, लाइपझिगच्या क्लबला तसं म्हणवत नाही.

२०१६ मध्ये प्रागमध्ये काही जणांनी डीएफसी प्राग हे नाव पुन्हा घेतलं आणि लहान मुलांना घेऊन खेळ सुरू केला. जुन्या वहीशी या मुलांचं नातं नाही, पण त्यांच्या शर्टावरचं नाव वाचून कुणी विचारलं, तर १८९६ ची गोष्ट सांगावी लागते.

तुमच्या गावातही एखादी जुनी तालीम, व्यायामशाळा किंवा खेळाचं मंडळ असेल. त्याची सभासदांची पहिली नोंदवही कुठे आहे, हे एकदा चौकशी करून पाहा. सापडली, तर तिच्या पानांची छायाचित्रं काढून ठेवा.